वोल्फ्सबुर्गचं आउटोश्टाट : गाड्या तर बघाच, पण जर्मनीचं पुढे काय होणार तेही बघून या

बर्लिनहून हॅनोवरकडे जाताना एक दिवस वोल्फ्सबुर्गसाठी काढाच, त्यात तुम्ही ऑटो लाइनमधले असाल तर अजिबात चुकवू नका. स्टेशनवरून उतरलं की कालव्यापलीकडे फोक्सवॅगनच्या कारखान्याच्या चार चिमण्या समोरच, पूल ओलांडला की आउटोश्टाट, म्हणजे कंपनीचं गाड्यांचं थीम पार्क.

सगळ्यात भारी ते काचेचे दोन टॉवर. 48 मीटर उंच, एकेकात 400 नव्याकोऱ्या गाड्या, रोबोट सरसर वर जातो, गाडी अलगद काढतो आणि खाली आणतो, लोक सहकुटुंब डिलिव्हरी घ्यायला येतात आणि आपली गाडी कुठली ते मान वर करून शोधत असतात. म्युझियमपण मस्त आहे, दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या गाड्यापण ठेवल्यात. फॅक्टरी टूर मात्र आधीच बुक करा. आणि करीवुर्स्ट! 1973 पासून कंपनी स्वतः सॉसेज बनवते आणि त्याला चक्क पार्ट नंबर आहे, 199 398 500 ए, शाकाहारी मंडळींनी निदान तो नंबर तरी बघून घ्या.

पण टूरमध्ये माझं सगळं लक्ष या कारखान्याचं पुढे काय होणार याकडे होतं. डिसेंबर 2024 मध्ये कंपनीचा कामगार युनियनशी करार झाला, त्यात 2030 पर्यंत जर्मनीतल्या 35,000 हून जास्त नोकऱ्या कमी करायचं ठरलं आणि इथली ओळख असलेली गोल्फ ही गाडी मेक्सिकोला हलवायचं ठरलं. एवढ्या मोठ्या देशाची अर्थव्यवस्था 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं आक्रसली, हे उगाच नाही झालं. स्वस्त रशियन गॅस 2022 ला गेला, आणि ज्या चीनमध्ये ही कंपनी 1984 पासून पाय रोवून होती तिथेच 2023 ला चीनच्याच बीवायडी कंपनीने फोक्सवॅगन ब्रँडला विक्रीत मागे टाकलं. जगभर माल विकून मोठं झालेल्या देशाला आता तोच जागतिक बाजार घाम फोडतोय.

तरी जर्मनी संपली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या सुपरवायझरी बोर्डात निम्म्या खुर्च्या कामगारांच्या आहेत, इथल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे भागधारक म्हणून 20 टक्के मतं आहेत, म्हणून तर एवढी मोठी कपात सक्तीने कुणाला न काढता करायचं ठरलं. खरी काळजी मला पार्ट बनवणाऱ्यांची वाटते. झेडएफ या बड्या पार्ट कंपनीनेच 2028 पर्यंत जर्मनीत 14,000 पर्यंत नोकऱ्या कमी करू असं जाहीर केलंय, आणि त्याहून लहान सप्लायरांमागे तर ना राज्य सरकार ना एवढी मोठी युनियन. चाकणला 2009 पासून फोक्सवॅगनचा प्लांट आहे, तिथल्या व्हेंडरांकडे कामाला असलेल्या आपल्या पोरांनी या बातम्या परक्या समजू नयेत, कुठलं मॉडेल कुठे बनणार हे वोल्फ्सबुर्गमध्येच ठरतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा दिवस पुरत नाही, सकाळी लवकर पोचा, आणि टूरमध्ये गाइडला गोल्फनंतर या लाइनवर काय येणार ते नक्की विचारा.