सोप्यातलं वायफाय परड्यापर्यंत: रिपीटर, मेश की साधी वायर?

बेळगावातल्या जुन्या घरांची ठेवणच वायफायच्या मुळावर उठलेली. शहापूर, खासबाग, वडगाव भागात घर रुंदीला एवढंसं आणि आत लांबच लांब: सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मग परडं. फायबरची वायर रस्त्यावरच्या खांबावरून येते, म्हणून केबलवाला राउटर सोप्यातच ठोकून जातो. मधल्या जाड भिंती ओलांडेपर्यंत सिग्नलचा जीव जातो आणि मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेली पोरं रेंज नाही म्हणून ओरडतात. खानापूरकडच्या चिऱ्याच्या घरांतही हीच रड. मग दुकानात गेलं की रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढं पाठवणारा डबा) घ्या, मेश (एकमेकांशी जोडून चालणारे दोन-तीन वायफाय डबे) घ्या असं सुरू होतं. माझं मत आधीच सांगतो: जिथं वायर नेता येते तिथं वायरच न्या. बाकीचे दोन्ही पर्याय वायर नेता येत नाही त्यांच्यासाठी.

खिशात हात घालण्याआधी फुकटातलं तेवढं करून घ्या. राउटर टीव्हीच्या मागून, लोखंडी कपाटाच्या आडून काढून उंचावर आणि शक्य तितका माजघराच्या दाराकडं सरकवा. तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, चालत असेल तर दोघांना वेगवेगळी नावं द्या. ५ वेगवान, पण जाड भिंतीपुढं नांगी टाकतो, २.४ हळू, पण लांब जातो. टीव्ही ५ वर, परड्याकडचे फोन २.४ वर, एवढ्यानंही बऱ्याच घरांत काम भागतं. दाट वस्तीत मात्र २.४ वर सगळ्या गल्लीची गर्दी असते. तिथं एकमेकांवर न चढणारे चॅनल (बँडमधल्या छोट्या पट्ट्या) तीनच: १, ६ आणि ११. वायफाय अॅनालायझरसारखं अॅप लावून त्यातला मोकळा कुठला ते बघा आणि राउटरला तोच द्या.

एवढं करूनही भागलं नाही, तर आधी बघू रिपीटर. साधारण हजार-पंधराशेला मिळतो, प्लगात खोचला की सुरू. घोटाळा जागेत होतो. लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. फोनवर सगळ्या कांड्या भरलेल्या, यूट्यूब मात्र गोल गोल फिरत बसतं. त्या कांड्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या असतात. रिपीटरला राउटरकडून किती मिळतंय ते त्या दाखवत नाहीत. म्हणून त्याची जागा माजघरात, राउटरचा सिग्नल अजून दमदार आहे तिथं. शिवाय एकाच बँडवर चालणारा रिपीटर तेच घेतो आणि तेच पुढं पाठवतो, त्यात वेग जवळपास निम्मा होतो. घर भाड्याचं, मालक भिंतीला भोक पाडू देत नाही आणि वापर व्हॉट्सअॅपपुरता, अशांना तो पुरे. ऑनलाइन क्लास किंवा घरून ऑफिसचं काम असेल तर पैसे वाया.

मेशचे दोन डबे चार-साडेचार हजारांच्या पुढं. घरभर एकच नाव, आणि चालता चालता फोन जवळच्या डब्याकडं जाणं यात बरंच सोपं होतं. टिळकवाडी, हिंदवाडीतल्या दुमजली बंगल्यांना तो शोभतो. लांबट जुन्या घरात मात्र दोन डब्यांमध्येही त्याच भिंती येतात, आणि महागड्या मेशची गत रिपीटरसारखी होते. घेतलाच तर लॅन पोर्ट (नेटची वायर खोचायची खाच) असलेला घ्या, म्हणजे पुढंमागं दोन डबे वायरनं जोडता येतील. तसं जोडलं तर त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

आता वायर. कॅट-सिक्स केबल (नेटसाठीची तांब्याची लॅन वायर) सुट्टी घेतली तर वीस-पंचवीस रुपये मीटरनं मिळते, आणि १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग आरामात नेते. पोटमाळ्यावरून किंवा कौलांखालच्या वाशांना धरून ओढली की भिंती फोडायचं काम उरत नाही. पलीकडच्या टोकाला घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. त्याला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वायरीतून आलेलं नेट नुसतं वायफायनं पसरवतो. तो मोड नसेल तर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधली त्याची आकड्यांची ओळख) मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना असे पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि वायर लॅन पोर्टमध्येच खोचा. नाव-पासवर्ड सोप्यातल्या राउटरसारखाच, चॅनल वेगळा. जुन्या राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असू शकतात. तुमचा प्लॅनच तेवढ्याचा असेल तर फरक पडत नाही.

एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा. मागाची शेड किंवा शेतातली खोली घरापासून सुटी असेल तर मधल्या मोकळ्या जागेतून तांब्याची लॅन केबल लोंबकळत नेऊ नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तिच्या धक्क्यानं दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. तिथं फायबरचा तुकडा आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा छोटा डबा) लावून घ्या. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. शेडमध्ये मागांचं लोखंड असतं, तेव्हा अॅक्सेस पॉइंट मागांच्या वर, छताजवळ.

नुसत्या हॉटस्पॉटवर भागवावं का, हाही प्रश्न असतो. एकटा माणूस, एक लॅपटॉप, तर भागवा. घरात चौघं असतील तर ज्याचा फोन तो बाहेर गेला की घराचं नेटही त्याच्याबरोबर बाहेर जातं.

घरचं वायफाय धड झालं की वायफाय कॉलिंग, म्हणजे साधा फोन कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जायची सोय, चालू करा. भारतात ते २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला आलं, तरी अजून कितीतरी फोनमध्ये बंदच पडून आहे. व्हॉट्सअॅप कॉलला समोरच्याकडंही नेट लागतं. इथं त्याच्याकडं साधा बटणाचा फोन असला तरी चालतो, कारण कॉल तुमच्या नेहमीच्या नंबरावरूनच जातो. निपाणी-कोगनोळी पट्ट्यात किंवा शिनोळीच्या हद्दीला लागून राहणाऱ्यांना याचा जास्त उपयोग. तिथं फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा, आणि या ओढाताणीत बॅटरी उतरते. सिमच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा आणि कुणालातरी लावा. रिंग गेली की समजा जमलं.

हे सगळं वीज असेपर्यंत. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेताना अॅडॉप्टरवरचा आकडा वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतो, पण अँपिअर कमी-जास्त असतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत, आणि मागचा अॅक्सेस पॉइंट धरला तर तिसरंही कनेक्शन मोजा.