अँबॅसिडरचा वॉटर पंप आणि जुन्या पुणे नाक्याचे चाचा

या गॅरेजला बोर्ड नाही. सोलापुरात जुन्या पुणे नाक्याजवळ पत्र्याचं शेड, दारात कडुलिंब, आत एका वेळी जेमतेम दोन गाड्या. चाचांचं नाव विचारायचं कधी सुचलंच नाही, सगळे चाचाच म्हणतात.

आमची अँबॅसिडर मार्क २, सासऱ्यांनी १९७२ साली घेतलेली. आता मीच चालवते. फेब्रुवारीत तुळजापूरचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा लालवर गेला आणि बॉनेटखालून वाफ आली. त्याच्या दोन महिने आधी पाणी कमी होतंय म्हणून मी गाडी दुसरीकडे दाखवली होती. तिथे होज बदलले, रेडिएटरचं झाकण बदललं, पैसे घेतले. पाणी कमी व्हायचं काही थांबलं नाही.

चाचांनी आधी इंजिन थंड होऊ दिलं. मग पंख्याची दोन पाती धरून मागेपुढे हलवली आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही हात लावून बघा." पंखा पुलीसकट हलत होता. म्हणजे वॉटर पंपाचं बेअरिंग गेलेलं. नंतर पंपाच्या बुडाशी बोट फिरवून त्यांनी एम-सीलचा एक वाळलेला गोळा उकरून काढला. त्याखाली बारीक भोक होतं.

ते भोक कंपनीनंच ठेवलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर टपकतं आणि आपल्याला कळतं. कुणीतरी ते गळतीचं ठिकाण समजून बुजवलं होतं. मग पाण्याला बाहेर वाट उरली नाही, ते बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन गेलं. थोडक्यात काय, सीलवर भागणारं काम अख्ख्या पंपावर आलं. मला याचा खरंच राग आला, अजून येतो.

मी बाजारातून नवा पंप आणून दिला. चाचांनी तो हातात धरून फिरवला, पुली बसते ती चकती डोळ्यांना दिसेल इतकी डुलत होती. "हा परत करा, जुन्याचं बीड चांगलं आहे," म्हणाले. बीड म्हणजे पंपाचं बाहेरचं ओतीव घर. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद झाला, तेव्हापासून या १४८९ सीसी इंजिनाचा धड पार्ट मिळणं अवघडच. शेवटी शाफ्ट, बेअरिंग, सील आणि इम्पेलर (पाणी ढकलणारी आतली पंखी) यांचा किट पुण्याहून मागवला. जुना शाफ्ट काढून नवा दाबून बसवायचं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टर्नरनं केलं. एरवी तो पॉवरलूमचे शाफ्ट करतो, हात अगदी नेमका. इम्पेलर आणि बीड यांच्यातली फट चाचांनी स्वतः फिलर गेजनं तपासली. घासला तर बीड खातो, लांब राहिला तर पाणी ढकलत नाही.

दोन दिवस सांगितले होते, पाच लागले. एक दिवस तर पंपाच्या एका गंजलेल्या बोल्टवरच गेला. ताकद लावली असती तर तो ब्लॉकमध्येच मोडला असता, म्हणून रात्रभर डिझेल पाजलं आणि सकाळी थोडं पुढे, थोडं मागे करत सोडवला. हा उशीर मला मान्य आहे. पण फोन उचलत नाहीत, हे मान्य नाही. रोज उन्हात जाऊन विचारावं लागलं. बिलही छापील नाही, वहीच्या कागदावर: किट १,१५०, टर्नर ४००, पट्टा ३५०, कूलंट ६००, मजुरी १,२००. एकूण ३,७०० रुपये. मला रास्त वाटले.

पट्टा लावल्यावर मधोमध अंगठ्यानं दाबून दाखवला. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त ताणला तर नवं बेअरिंगही जाईल. आणि आमच्या बोअरचं जड पाणी पुन्हा रेडिएटरमध्ये ओतायचं नाही, हे दोनदा बजावलं.

एप्रिलच्या उन्हात दुपारी एकला निघून अक्कलकोटला जाऊन आले. काटा मध्यावरून हलला नाही, खाली एक थेंब नाही.

जायचं तर सकाळी दहाच्या आत जा, गाडी थंड असतानाच ते हात लावतात. शुक्रवारी दुपारी शेड बंद असतं.