जुनी समई घेण्याआधी ती उलटी करून बघा

कोल्हापुरात जुनं पितळ किलोवर घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. आमच्या वहिनींच्या गळ्यात समई म्हणून पावणेदोन किलो सिमेंट मारलं गेलं.

वहिनींना लेकीच्या लग्नात द्यायला जाड, जुन्या घडणीची समई हवी होती. लक्ष्मीपुरीचा बाजार करून येताना एका बोळातल्या दुकानात ती दिसली. बाहेर मोडीची भांडी, आत घंगाळं, बंब, हंडे. समईच्या बैठकीवर ‘सन १९२२’ कोरलेलं. दुकानदारानं स्वतःहून लोहचुंबक काढून दिलं. “ताई, वाड्यातला माल हाय. लावून बघा की तुमच्याच हातानं.” चुंबक चिकटलं नाही. वजन भरलं चार किलो तीनशे ग्रॅम. सहाशेच्या भावानं २,५८० रुपये रोख दिले. जुन्या मालाचं बिल नसतं, म्हणाला.

दांडा डुगडुगत होता म्हणून आटे घट्ट करायला समई तांबटाकडं नेली. त्यांनी बैठकीवर नुसती टिचकी मारली आणि मान हलवली. पितळ ठणकतं, ही बद्द वाजत होती. समईची बैठक खालून पोकळ, उघडी असते. हिला खालून पत्रा लावून डाख दिला होता आणि त्यावर काजळी चोपडली होती. पत्रा काढला तर आत सिमेंट. म्हणजे एक हजार पन्नास रुपये त्या सिमेंटचेच गेले.

मला सगळ्यात जास्त चीड त्या चुंबकाची येते. चुंबक लोखंड पकडतं, पितळ नाही. वरचं पितळ खरंच होतं, त्यामुळं ती परीक्षा समई पास होणार हे त्याला ठाऊक होतं. शिवाय जस्त आणि ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. त्यांच्यावर पितळेचा मुलामा असला तरी चुंबकानं ते कळायचं नाही. त्यासाठी आतल्या, न दिसणाऱ्या जागी कानशीनं जरा घासून बघायचं. खाली पिवळं निघालं तर पितळ, पांढरट-करडं निघालं तर नाही. आणि वजन करायच्या आधी आटे सोडवून प्रत्येक भाग वेगळा करायला लावा. खरा माल असेल तर विकणाऱ्याला त्यात काही अडचण नसते.

कोरलेल्या सालावरही जाऊ नका. तांबटांनी दाखवलं, वर्षानुवर्षं घासलेल्या भांड्यावरची अक्षरं कडांना बोथट होतात. हिची बोटाला टोचत होती. कुणी शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून चढा भाव सांगितला तर परवाना विचारा. तेवढ्या जुन्या कलावस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं परवाना लागतो.

आम्ही समई घेऊन परत गेलो, तर दुकानदारानं ओळखच दाखवली नाही. बिल नाही, पैसे रोख, हातात पुरावा काहीच नव्हता. साध्या कागदावर का होईना ‘पितळ, इतके किलो, हा भाव’ असं लिहून सही घ्या. पैसे शक्यतो यूपीआयनं द्या, म्हणजे नोंद राहते. असं काही हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क पडत नाही.