चोवीस व्होल्टच्या ट्रकमध्ये बारा व्होल्टची स्क्रीन आणि ३४,५०० रुपयांचा गंडा

माझ्या ट्रकच्या डॅशबोर्डमध्ये दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा आणि ‘ट्रकसाठीचा खास नकाशा’ बसवून देतो, असे सांगून माझ्याकडून ३४,५०० रुपये घेण्यात आले. प्रत्यक्षात मिळाली ती खोटी माहिती दाखवणारी जुनाट स्क्रीन, चोरून उतरवलेला नकाशा आणि ठिकठिकाणी कापलेले मूळ वायरिंग. ज्यांच्या गाड्या दोन बॅटऱ्यांवर चालतात त्यांनी तरी हे शेवटपर्यंत वाचावे, कारण माझे नुकसान स्क्रीनच्या किमतीवर थांबलेले नाही.

हिशेब असा होता. स्क्रीनचे २३,५००, कॅमेरा आणि त्याच्या लांब केबलचे ३,८००, नकाशाच्या ‘आजीवन परवान्या’चे ६,२०० आणि फिटिंगचे ३,००० असे मिळून ३६,५०० रुपये झाले; गाडीत कंपनीकडून आलेला, गाणी वाजवणारा चालू स्थितीतला टेप एक्स्चेंजमध्ये घेतला म्हणून त्यातून २,००० वजा झाले. २०,००० रुपये यूपीआयने आगाऊ दिले आणि उरलेले १४,५०० काम संपल्यावर दिले. हातात पडली ती वर ‘एस्टिमेट’ असे छापलेली चिठ्ठी. तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना स्क्रीनचा सिरीयल नंबर, ना वॉरंटीविषयी एक शब्द.

मी हौसेखातर हा खर्च केला, असे कोणी समजू नये. गाडी मी स्वतः चालवतो आणि तिच्यावरच माझे घर चालते. काचेला चिकटवलेला मोबाइल उन्हात तापून ऐन वळणावर बंद पडतो, तेव्हा भरलेली गाडी घेऊन रस्ता चुकणे म्हणजे काय असते, हे ट्रकवाल्याला वेगळे सांगायला नको. मागे माणूस उभा न करता गोदामात गाडी लावता यावी म्हणून कॅमेरा हवा होता. चौकशीही मी तोंडी केली नाही. गाडी चोवीस व्होल्टची आहे, स्क्रीन थेट चालेल का, असे मी व्हॉट्सअॅपवर लिहून विचारले होते आणि त्यावर ‘शेठ, ट्रकसाठीचीच आहे, डायरेक्ट चालते, टेन्शन घेऊ नका’ असे लेखी उत्तर आले होते. ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज आणि अँड्रॉइड १३ हेही त्याच संभाषणात लिहून दिलेले आहे. याहून अधिक खबरदारी एखाद्या गिऱ्हाइकाने घ्यायची तरी कशी?

तरीही एक क्षण असा होता, जो आठवला की आजही संताप होतो. स्क्रीनचा खोका काउंटरवर उघडा पडला होता. त्याच्या एका बाजूला स्टिकर ओरबाडून काढल्याची पांढरी, चिकट खूण होती आणि तिच्यावर दुकानाचे नाव छापलेले दुसरे स्टिकर तिरके चिकटवले होते. खोक्यावर किंमत नव्हती, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता नव्हता, महिना-वर्ष नव्हते आणि ग्राहकाने तक्रार कोठे करायची तेही नव्हते. आवेष्टित, म्हणजे पॅक केलेल्या, वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार यातली प्रत्येक गोष्ट छापणे बंधनकारक आहे. मी खोका उचलून फिरवून पाहत होतो, तेवढ्यात कामगाराने तो ‘वॉरंटीला आमच्याकडेच लागतो’ असे म्हणत माझ्या हातून घेतला आणि आत नेला. तो खोका त्या घटकेला माझ्या हातात होता! तो मी सोडला नसता, तर पुढे ज्या-ज्या कार्यालयात पुराव्याअभावी मला परत पाठवण्यात आले, तेथे तो टेबलावर ठेवता आला असता. पण गाडी त्या वेळी अर्धी उघडलेली होती, डॅशबोर्डची पॅनेल सीटवर पडली होती, दुसऱ्या दिवशी माल भरायचा होता आणि वॉरंटीसाठी खोका लागतो, हे कारण कोणालाही पटेल असेच होते. फसवणारा नेमका असा वेळ निवडतो, ज्या वेळी गिऱ्हाइकाला मागे फिरता येत नाही. खोका हातातून सोडू नका. कामाला हात लागण्याआधी त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढा.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले होते, हेही येथे नोंदवतो. ‘दुकानाच्या खात्याची आजची लिमिट संपली, हे मालकाच्या घरचेच खाते आहे’ असे त्यावर सांगण्यात आले. असे उत्तर मिळाले तर पैसे देऊ नका, दुसऱ्या दिवशी या.

स्क्रीनची लबाडी उघड झाली ती गाण्यांच्या फोल्डरमुळे. १२८ जीबीच्या म्हणवणाऱ्या स्क्रीनमध्ये थोडी गाणी आणि व्हिडिओ भरताच जागा संपली आणि आधीच्या फाइली उघडेनाशा झाल्या. ओळखीच्या एका मुलाने यंत्राच्या आतला खरा तपशील दाखवणारे सीपीयू-झेड हे अॅप त्यात टाकून पाहिले. सेटिंगमध्ये अँड्रॉइड १३ लिहिलेले होते, पण अॅपमध्ये एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक, २७ दिसली. अँड्रॉइड १३ ची एपीआय लेव्हल ३३ असते; २७ म्हणजे अँड्रॉइड ८.१, म्हणजे २०१७ सालची आवृत्ती. रॅम ८ जीबी नव्हे तर २ जीबी, स्टोरेज १२८ नव्हे तर ३२ जीबी निघाले. ‘अबाउट’च्या पानावर हवे ते आकडे लिहून फर्मवेअर, म्हणजे स्क्रीनचे मूळ सॉफ्टवेअर, भरले जाते, आणि बहुतेक गिऱ्हाइके फक्त तेच पान पाहतात. दुकानात ज्या स्क्रीनवर मला नकाशा झरझर सरकवून दाखवला ती काउंटरची नमुन्याची स्क्रीन होती; माझ्या गाडीत बसवली ती दुसरीच. पैसे देण्याआधी गाडीत बसलेल्या स्क्रीनवरच असे अॅप चालवून घ्या. दुकानदार नको म्हणाला, तर त्याच्या नकारातच तुमचे उत्तर मिळाले असे समजा.

आता वायरिंगविषयी, कारण खरा धोका तेथे आहे. मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. कारसाठी बनवलेली स्क्रीन बारा व्होल्टची असते, म्हणून मध्ये चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर आणि फ्यूज लावावा लागतो. या लोकांनी कन्व्हर्टरचे पैसे वाचवले आणि दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून थेट वायर ओढली. असे केले की ती एक बॅटरी रोज जास्त उतरते. बॅटऱ्या चार्ज करणारा अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून सुमारे २८ व्होल्ट देत राहतो, त्यामुळे उतरलेली बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. त्यात भर म्हणून स्क्रीनची पिवळी वायर, जिला कायमचा करंट लागतो, आणि लाल वायर, जी चावी फिरवल्यावरच चालू व्हायला हवी, या दोन्ही एकत्र पिळून त्यांवर टेप गुंडाळलेली होती. म्हणजे गाडी उभी असतानाही स्क्रीन करंट खात होती. एके पहाटे भरलेली गाडी सुरू झाली नाही. इलेक्ट्रिशियनने मीटर लावला, तेव्हा एका बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर आणि दुसरीवर १३ च्याही खाली चार्जिंग जात होते. दोन्ही बॅटऱ्या बदलाव्या लागल्या, कारण एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावली की नवीही लवकर जाते. त्याचे २५,६०० रुपये झाले. कन्व्हर्टर, फ्यूज आणि कापलेल्या हार्नेसची, म्हणजे मूळ वायरींच्या जुडग्याची, दुरुस्ती यांचे ६,८५० वेगळे. वायरी जोडणारे मूळ कपलर जपून अॅडॉप्टर लावण्याऐवजी ते सरळ कापून टाकल्यामुळे सर्व्हिस सेंटरनेही इलेक्ट्रिकल वॉरंटीचे काम करायला नकार दिला.

पॅनेल उघडल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. गाडी चालू असताना पडद्यावर व्हिडिओ दिसू नये म्हणून स्क्रीनला हँडब्रेकची एक वायर दिलेली असते. ती थेट बॉडीला अर्थ केलेली होती, म्हणजे गाडी धावत असतानाही चित्रपट चालू राहणार. हे मी मागितले नव्हते आणि मला सांगितलेही नव्हते. रात्रीच्या प्रवासात हा प्रकार जिवावर बेतू शकतो. ज्यांनी अशी स्क्रीन बसवून घेतली आहे त्यांनी ही वायर आजच तपासून घ्यावी.

नकाशाची गोष्टही तशीच. ६,२०० रुपयांच्या ‘परवान्या’त मला एक मेमरी कार्ड मिळाले. त्यात गाडीची उंची आणि वजन भरायची सोय दिसत होती, म्हणून मी उंची ३.८ मीटर भरली. त्या नकाशाने मला एका रेल्वे पुलाखालच्या अरुंद रस्त्यावर नेले. हाइट बॅरिअर समोर दिसताच मी थांबलो. मागे वाहनांची रांग लागली आणि गाडी उलटी काढताना एका बाजूचा आरसा गेला. नंतर कळले की भरलेल्या आकड्यांचा मार्गाशी काहीच संबंध नव्हता. आतला नकाशा साधा, कारचा, जुना आणि अपडेट न होणारा होता. खऱ्या परवान्याची नोंद तुमच्या स्वतःच्या ईमेलवर किंवा मोबाइलवर होते. कार्ड हातात देऊन ‘आजीवन’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

दुकानदाराने आधी ‘सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणून झुलवले, मग ‘तुम्हीच पाणी घातले असेल’ म्हटले आणि शेवटी माझा नंबर ब्लॉक केला.

पोलीस ठाण्यात मी व्हॉट्सअॅपचे संभाषण, चिठ्ठी, सीपीयू-झेडचे फोटो आणि इलेक्ट्रिशियनने लिहून दिलेला कागद असे सर्व घेऊन गेलो. समोरच्या अंमलदारांनी पहिला कागदही पूर्ण न वाचता ‘ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा’ असे सांगितले. लेखी आश्वासन देऊन दुसराच माल देणे ही फसवणूक नाही, तर फसवणूक म्हणजे काय, असे मी विचारले. भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम आहे, हेही म्हणालो. त्यावर ‘वकील आहात का?’ असा प्रश्न आला. अर्ज ठेवून घेतला, पण पोचपावती मागितल्यावर शिक्का देणारे साहेब बाहेर गेले आहेत, असे सांगण्यात आले. पोचपावतीशिवाय तुमचा अर्ज अस्तित्वातच नसतो. ठाण्यात घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना तो टपालाने पाठवता येतो. मी रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगण्यात आले की तुम्ही दुकानात उभे राहून स्वतः पैसे दिलेत, हा ऑनलाइन गुन्हा नव्हे. बँकेनेही तेच म्हटले.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, डॉकेट, म्हणजे तक्रारीचा, क्रमांक मिळाला, तक्रार दुकानदाराला पाठवल्याचा संदेश आला आणि ‘समोरच्या पक्षाने प्रतिसाद दिला नाही’ या शेऱ्यासह ती बंद झाली. प्रतिसाद देणारा माणूस असता, तर मी हेल्पलाइनला फोन कशाला केला असता? वजन-मापे आणि पॅकिंगवरचा तपशील तपासणाऱ्या वैधमापन विभागात खोक्यावरच्या नियमभंगाची तक्रार घेऊन गेलो, तर खोका दाखवा म्हणाले. खोका दुकानात आहे, आपण जाऊन तपासणी करा, तेथे तसे आणखी खोके रचलेले आहेत, असे मी हात जोडून सांगितले. ‘निरीक्षक दौऱ्यावर आहेत, कळवू’ असे उत्तर मिळाले. पक्के बिल दिले नाही, हाच मुळात नियमभंग, पण पक्के बिल नसल्यामुळे व्यवहार सिद्ध होत नाही, असे म्हणून मलाच माघारी धाडले जाते. दुकानदाराच्या कायदेभंगाचा फायदा दुकानदारालाच मिळावा, अशी ही व्यवस्था आहे आणि तिच्या प्रत्येक टेबलावर बसलेला माणूस पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

सर्वांत चीड आली ती ग्राहक आयोगाच्या कार्यालयात. ट्रक म्हणजे व्यावसायिक वापर, तेव्हा तुम्ही ग्राहकच नाही, असे मला खिडकीवरच सांगण्यात आले. हे धादांत चुकीचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील ग्राहकाच्या व्याख्येला स्पष्टीकरण जोडलेले आहे आणि केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली व वापरलेली वस्तू त्यानुसार व्यावसायिक प्रयोजनात मोडत नाही. एकच ट्रक स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे. बिल न देणे ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. हे सारे मला एका निवृत्त वकिलांनी सांगितले, कार्यालयाने नव्हे. खिडकीवरच्या माणसाचे ऐकून मी घरी गेलो असतो, तर तक्रार दाखलच झाली नसती. कायद्यात निकालासाठी साधारण तीन महिन्यांची, वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांची अपेक्षा लिहिलेली आहे. माझ्या प्रकरणात अजून नोटीस बजावली गेल्याचीही नोंद नाही, कारण चिठ्ठीवरचा पत्ता अपुरा आहे. दुकानाच्या पाटीचा, दुकानासमोर उभ्या असलेल्या तुमच्या गाडीचा फोटो काढून ठेवा. व्हॉट्सअॅपचे संभाषण पुसू नका, फोनही बदलू नका. ते पुराव्यात द्यायचे असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते.

तक्रारीत मी ३४,५०० रुपये, बॅटऱ्यांचे २५,६०० आणि वायरिंगचे ६,८५० असे एकूण ६६,९५० रुपये मागितले आहेत; शिवाय माझा मूळ टेप परत मागितला आहे, कारण २,००० रुपयांत तसा टेप कोठेही मिळत नाही. काढून ठेवलेली स्क्रीन, कापलेल्या वायरींच्या तुकड्यांसह, मी सीलबंद करून ठेवली आहे आणि आयोगाने तपासणीसाठी मागितल्याशिवाय ती कोणाच्याही हातात देणार नाही. ज्यांच्याकडे अशीच ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी असेल त्यांनी ती फेकू नये. एकाच दुकानाविरुद्ध सारख्या तक्रारीचे अनेक ग्राहक असतील, तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करण्याची तरतूद कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे, आणि तशी तक्रार करायला मी तयार आहे.