शक्तिपीठ, पेठेतला रस्ता की खात्यावर पंधराशे? सरकारी खर्चाची बाजू निवडताना

कोल्हापुरात हा वाद अर्थशास्त्राच्या भाषेत होत नाही. शक्तिपीठ महामार्ग हवा की नको, थेट पाइपलाइनला एवढी वर्षं का लागली, लाडक्या बहिणींना पैसे मिळतात मग आमच्या पेठेतल्या रस्त्याला का नाहीत, असे त्याचे तुकडे चहाच्या टपरीवर ऐकू येतात. जोडून पाहिले की प्रश्न एकच उरतो. बाजार थंड असताना सरकारने कर्ज काढून पैसा ओतायचा, तर तो कशात ओतावा? पुढाऱ्यांची उत्तरं तयार असतात. मत कुणाला द्यायचं, ग्रामसभेत हात कशासाठी वर करायचा, हरकतीच्या अर्जावर सही करायची की नाही, हे मात्र आपल्याला ठरवावं लागतं. ही तुलना त्यासाठी.

आधी एक गुंता सोडवू. सरकारी बांधकामाचे हेतू दोन. एक आजचा, म्हणजे हाताला काम आणि बाजारात पैसा खेळता ठेवणं. दुसरा उद्याचा, म्हणजे पाणी, रस्ता, पूल असं काही मागे उरणं. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामं निघाली, तेव्हा पहिला हेतू उघड होता. पाझर तलाव आणि खडी फोडून झालेले रस्ते ही त्यातून पदरात पडलेली जोड. खर्चातला किमान ६० टक्के वाटा मजुरीवर गेला पाहिजे, हा नियमही त्यातूनच आला.

राधानगरी धरणाचं नेमकं उलटं. शाहू महाराजांनी काम सुरू केलं, पैशाअभावी ते रखडलं आणि १९२२ साली महाराज गेले तेव्हाही धरण अपुरंच होतं. पुरं व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. मंदीवरचा उतारा म्हणून मोजलं तर राधानगरी सपशेल नापास. भोगावतीकाठच्या उसाकडे बघून मात्र तसं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. आपल्या पुढाऱ्यांची चलाखी इथेच असते. काम उद्याचं असतं आणि सभेत ते आजचं म्हणून खपवलं जातं, ‘हजारो हातांना काम’ या एका वाक्यावर.

शक्तिपीठाची बाजू आणि शक्तिपीठाविरुद्धची

२०२५ च्या आखणीनुसार वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, अंदाजे ८६ हजार कोटी. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्यातल्या आखणी आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींना मान्यता दिली. बाजूने बोलणारे सांगतात की नागपूर ते गोवा १८ तासांचा प्रवास ८ तासांवर येईल, माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही देवस्थानं एका रस्त्यावर येतील आणि मराठवाड्याच्या मागास पट्ट्याला गती मिळेल. समृद्धी महामार्गाचं उदाहरण त्यांच्या हाताशी असतं. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, म्हणजे महाराष्ट्रात मोठी कामं तडीला जातात हे खरंच.

विरोधकांचा मुद्दा शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड आणि आजरा या सहा तालुक्यांतून आला. बागायती जमीन जाते. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात आणखी एक भराव उभा राहतो. आणि कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, नांदेडवरून जाणारा रत्नागिरी–नागपूर महामार्ग आहेच. शेतकरी नेते राजू शेट्टी आणि काँग्रेसचे सतेज पाटील एरवी एका मंचावर क्वचितच दिसतात, या प्रश्नावर दिसले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. निवडणूक झाली आणि विषय पुन्हा वर आला. या क्रमातून ज्याने त्याने हवं ते समजावं.

बाजाराला चालना देण्याच्या कसोटीवर मला या प्रकल्पात एक गोष्ट खटकते, आणि तिची चर्चा फार कमी होते. पहिला मोठा पैसा जातो तो जमिनीच्या मोबदल्यात. मोबदला म्हणजे नवं काम नव्हे. एकाची जमीन सरकारकडे आली, सरकारची रक्कम त्याच्याकडे गेली. तो पैसा सोन्यात, दुसऱ्या गावच्या जमिनीत किंवा शहरातल्या प्लॉटमध्ये जातो. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, चार दिवस गर्दी होईल, शेजारच्या तालुक्यात जमिनीचे दर चढतील, पण सेंटरिंगवाल्याला किंवा गवंड्याला त्यातून एक दिवसाचंही काम मिळत नाही. ते मिळणार मोजणी, हरकती, न्यायालय आणि निविदा हे सगळं उरकल्यावर. तोवर ज्या मंदीसाठी खर्च काढला ती संपलेली असते किंवा दुसरी आलेली असते.

भागाकार करून बघा. ८०२ किलोमीटरला ८६ हजार कोटी म्हणजे किलोमीटरला शंभर कोटींच्या वर. समृद्धीचा मूळ अंदाज, सुमारे ५५ हजार कोटी, धरला तर तिथे हाच हिशेब ऐंशी कोटींच्या आत बसतो. काळ वेगळा, घाट वेगळे, हे मान्य. तरीही हा फरक कशामुळे, एवढं विचारायचा हक्क करदात्याला आहे.

छोटी कामं : दिसतात सोपी

दुसरी बाजू म्हणते, एवढ्या पैशात जिल्ह्याजिल्ह्यांतले रस्ते, नाले, साकव, पाणीयोजना करा. काम लवकर सुरू होतं, स्थानिक ठेकेदार असतो, खडी इथल्या क्रशरची आणि डंपर इथल्या पोराचा. विचार चांगला आहे. पण कोल्हापूरचाच अनुभव या बाजूलाही फार डोक्यावर घेऊ देत नाही.

काळम्मावाडीची थेट पाइपलाइन घ्या. धरणापासून शहरापर्यंत पन्नासेक किलोमीटरची, पाचशे कोटींच्या आसपासची योजना. राज्याच्या हिशेबात हे छोटंच काम. २०१४ च्या सुमारास सुरू झालं आणि शहरात पाणी पोचलं ते २०२३ च्या दिवाळीत. मधल्या काळात वनखात्याच्या परवानग्या, पुलांवरून न्यायच्या जलवाहिन्या, जॅकवेलचं, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीचं, काम पावसाळ्यात बंद पडणं, अशा एकेका कारणावर वर्षं गेली. काम लहान असलं की वेगात होतं, हा समज इथे टिकत नाही. परवानग्या आधी हातात आहेत का आणि जागा ताब्यात आहे का, यावर वेग ठरतो. ज्याला काम देऊन बाजार हलवायचा आहे, त्याने टेंडरच्या रकमेआधी या दोन गोष्टी विचाराव्यात.

शिवाय जाब कुणाला विचारायचा? नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षं महापालिकेत प्रशासक होता. प्रभागातला रस्ता उखडला तर दार ठोठवायला नगरसेवकही नव्हता. छोट्या कामांवर पैसा ओता म्हणणाऱ्यांनी ही उणीव कधी मोजली नाही.

‘सरकारकडे पैसा नाही, खासगीतून करू’ हा तिसरा रस्ता आपण चालून बघितलाय. शहरातल्या सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांचा २२० कोटींचा प्रकल्प टोलवर दिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि शहर पेटलं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली, जानेवारी २०१४ मध्ये नाके जळाले, २०१५ च्या शेवटी टोल रद्द करायची घोषणा झाली आणि कंपनीची भरपाई सरकारच्या तिजोरीतूनच गेली. ज्या पैशाची बचत होणार होती तोच शेवटी उलट्या दाराने बाहेर पडला. म्हणून ‘यात सरकारचा पैसाच नाही’ असं कुणी म्हणालं, की कराराची मुदत आणि रद्द झाल्यास द्यायची रक्कम ही दोन कलमं आधी वाचावीत.

या सगळ्यात मला सर्वात जास्त पटणारा खर्च कुणाच्याच भाषणात नसतो. तो आहे झालेल्या कामांच्या थकलेल्या बिलांचा. राज्यातल्या ठेकेदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये ही थकबाकी ८९ हजार कोटींच्या घरात असल्याचं सांगितलं. आकडा संघटनांचा आहे, सरकार तो तसाच मानेल असं नाही. पण त्याच्या निम्मा खरा धरला तरी विचार करा. ठेकेदाराचं बिल अडकलं की क्रशरवाल्याची उधारी अडकते, डंपरचा हप्ता चुकतो, डिझेल पंपावरचं खातं बंद होतं आणि मजूर गावाकडे निघतो. हे बिल चुकतं केलं तर ना नवी मोजणी लागते, ना वनखात्याचा दाखला. पैसा आठवड्याभरात चार हातांतून फिरतो. मंदीवर याहून जलद औषध मला तरी ठाऊक नाही.

यावर रास्त हरकत आहे. निवडणुकीआधी तरतूद नसताना कामं वाटली गेली, त्यांची बिलं डोळे झाकून देणं म्हणजे त्या सवयीला बक्षीस. शिवाय काही कामं कागदावरच झाली असतील. त्यावर उपाय म्हणून तपासणी करून, छोट्या ठेकेदारांची बिलं आधी, अशा क्रमाने पैसे सोडता येतील. फीत कापायला काही नसल्यामुळे बहुधा तसं होत नाही.

खात्यावर थेट, किंवा करात सूट

लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६ हजार कोटी होते. या हिशेबाने अडीच वर्षांच्या आत एका शक्तिपीठाएवढी रक्कम वाटली जाते. टीकाकार हेच दाखवतात आणि म्हणतात, मागे काय उरलं? बाजूचे म्हणतात, किराणा, औषध, पोरांची फी यांत तो पैसा त्याच महिन्यात खर्च होतो, रस्त्यासारखं दहा वर्षं थांबावं लागत नाही.

यात अभ्यासकांचं पारडं बांधकामाकडे झुकतं. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतल्या एका जुन्या अभ्यासानुसार सरकारने रस्ते, पूल अशा भांडवली कामांवर खर्चलेला एक रुपया देशाच्या उत्पन्नात सुमारे २.४५ रुपयांची भर घालतो, तर थेट वाटलेला रुपया ०.९८ ची. केंद्राने भांडवली खर्च ११ लाख कोटींच्या वर नेला आणि राज्यांना ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्जाची सोय केली, त्यामागेही हाच विचार. आकडा महत्त्वाचा आहे, पण तो देशाचा आहे. कोल्हापुरात खर्चलेल्या रुपयातलं डांबर, पोलाद आणि यंत्रं बाहेरून येतात, मोठा ठेकेदारही बाहेरचाच. जिल्ह्यात किती उरलं, हे त्या २.४५ मधून कळत नाही. पंधराशे रुपयांचं मात्र बहुतेक सगळं लक्ष्मीपुरीत नाहीतर गावच्या बाजारात उतरतं.

करकपातीकडे आपल्याकडे नोकरदारांचा विषय म्हणून बघितलं जातं. कोल्हापूरला तो तसा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणि छोट्या गाड्यांवरचा २८ वरून १८ वर आला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या याच वाहनांची कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, ओततात. शोरूममध्ये एक ट्रॅक्टर जास्त खपला की त्याची ऑर्डर काही आठवड्यांत भट्टीपर्यंत येते. फाउंड्रीवाल्याला विचाराल, तर तो महामार्गाच्या आधी हे नाव घेईल. आणि त्यानंतर विजेचा दर काढेल, ते वेगळं.

कर्ज

इथे फार वेळ घालवत नाही. राज्याचं कर्ज २०२५-२६ च्या अंदाजात ९.३ लाख कोटींवर आहे आणि वित्तीय तूट १.३६ लाख कोटींच्या आसपास. मंदीत सरकारने कर्ज काढावं, तेजीत फेडावं, ही अर्थतज्ज्ञ केन्सची शिकवण. त्यातलं पहिलं वाक्य सगळ्या पक्षांना पाठ आहे, दुसरं कुणालाच नाही. त्यामुळे ‘कर्ज वाईट’ किंवा ‘कर्ज चांगलं’ या भांडणात न शिरता, हे कर्ज कशासाठी आणि व्याज कोणत्या उत्पन्नातून भरणार, एवढंच विचारलं तरी पुष्कळ.

मग तुम्ही काय बघावं

तुमचा गट नंबर आखणीत येत असेल तर बाजाराला चालना वगैरे विसरा. मोबदल्यात तेवढीच बागायत जमीन जवळपास मिळते का, हा एकच हिशेब करा. मिळत नसेल तर विरोध करायला दुसऱ्या कारणाची गरज नाही, आणि त्याबद्दल विकासविरोधी म्हणवून घ्यायचीही.

शहरात राहत असाल, तर मी तरी नव्या घोषणेपेक्षा अर्ध्यावरचं काम पुरं करणाऱ्याला झुकतं माप देईन. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना मंजूर झाली. कोकणातलं बंदर जोडणारी ही लाइन झाली असती तर साखर आणि कास्टिंग दोन्हींचा फायदा होता. आजवर तिने बाजाराला दिली ती फक्त बातम्यांची चालना.

पूरपट्ट्यात, म्हणजे शिरोली, आंबेवाडी, चिखली या बाजूला घर किंवा धंदा असेल, तर तुमची यादीच वेगळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. दूध अडकलं, भाजी अडकली, कारखान्यांचा माल अडकला. भरावाऐवजी कमानींचा पूल, मोठ्या मोऱ्या, पाणी वाहून जायला मोकळी वाट, ही कामं करून कुणाचा प्रवास अर्ध्या तासानेही कमी होत नाही. ती दिसतात फक्त ऑगस्टमध्ये, आणि तीही काही बुडालं नाही म्हणून. माझ्या हातात यादी असती तर थकलेल्या बिलांनंतर मी हीच कामं लिहिली असती. शक्तिपीठ त्याच्याही खाली, आणि तोही आधीचा रत्नागिरी–नागपूर महामार्ग किती भरून वाहतो याची मोजणी लोकांसमोर ठेवल्यावरच.

उमेदवार दारात येईल तेव्हा त्याच्याकडून तीन आकडे मागा : आपल्या तालुक्यात किती कामं अर्धवट आहेत, किती बिलं थकली आहेत, आणि जिल्हा नियोजन समितीचा गेल्या वर्षीचा किती निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खर्ची पडला.