पालखेड की पानिपत: फास तोच, गळा वेगळा

पालखेडला रसद तोडण्याचा फास आपण मराठ्यांनी टाकला, पानिपतला तो आपल्याच गळ्यात पडला. १७२८ मध्ये निजाम पुण्यात घुसला, तरी थोरले बाजीराव पुणे सोडवायला आलेच नाहीत. उलट त्याच्याच मुलखात धुमाकूळ घातला. निजाम मागे फिरला, जड तोफा मागे पडल्या आणि पालखेडजवळ दाणापाणी तुटलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह.

पानिपतचा सगळा दोष सेनापती सदाशिवरावभाऊंच्या माथी मारणं सोपं (पुण्यात कट्ट्याकट्ट्यावर हेच चालतं). आपल्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चांगल्याच होत्या. पण तोफांमागे बैल, गाडे आले. शिवाय बायकामुलं, यात्रेकरू. अब्दालीने दिल्लीची वाट रोखली, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी घोड्यांवर बसून लढावं लागलं.