वाशीच्या सेलमधला 'ओरिजिनल नेव्ही' पी कोट, 7,800 रुपये गेले, निदान तुमचे तरी वाचू देत

जरा लांबलचक होणारे पण पूर्ण वाचा, खास करून घरातलं कोणी जानेवारीच्या इनटेकला कॅनडा, जर्मनीला निघालंय आणि तुम्ही लोकरीचा कोट शोधताय असं असेल तर.

माझा धाकटा भाऊ टोरांटोला शिकायला गेला. त्याला पी कोटच हवा होता, म्हणजे तो नौदलवाल्यांचा, दोन ओळी बटणं, रुंद कॉलर, कमरेच्या थोडा खाली येणारा. आमच्या घरात लोकरीचा कोट आजवर कोणी घेतलेलाच नाही, ठाण्यात थंडी पडली म्हणजे आम्ही पहाटे पंखा एकवर करतो, त्यामुळे कोणाला विचारावं हेही कळत नव्हतं. त्यात व्हिसा, फी, तिकीट सगळं एकदम आलेलं, आणि मी ताई म्हणून म्हटलं की कोट माझ्याकडून.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाशीला एका हॉलमध्ये एक्स्पोर्ट सरप्लसचा सेल लागला होता, तीन दिवसांचा. असे सेल आपल्याकडे कायम लागतात, मी आधी टॉवेल, चादरी, जीन्स घेतलेल्या आहेत आणि कधी त्रास झाला नाही, म्हणून शनिवारी दुपारी ठाणे-वाशी लोकल पकडून एकटीच गेले. भावाची नेमकी त्या दिवशी दुसरी कामं होती. पहिली चूक इथेच झाली, ज्याच्या अंगावर कोट जाणार तो माणूस सोबत पाहिजेच, आणि नाहीच जमलं तर त्याची मापं लिहून नेलेली पाहिजेत. मी फक्त त्याच्या फॉर्मल शर्टाचा नंबर लक्षात ठेवून गेले होते, 40.

काउंटरजवळ हँगरला एक कोट लावलेला. तो मी हातात घेतला आणि खरं सांगते, तो कोट अस्सल होता. दोन किलोच्या आसपास वजन असणार, कापड जाड आणि घट्ट, त्यावर बोट फिरवलं तर विणीच्या रेषा लागत नव्हत्या, आणि आमच्या आजोळी घोंगडी असायची तिचा असतो तसा मंद लोकरीचा वास. विकणारा म्हणाला, "दीदी, हाथ लगाके देखो, अमेरिकन नेव्ही का माल है." किंमत 12,000, सेलमध्ये 7,800. मी 40 नंबर सांगितला, त्याने आतून एक सीलबंद पिशवी आणली, हवा काढून चपटी केलेली असते ना तशी, वरती स्टिकर 40. उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला सील तोडलं की कसर लागते, डायरेक्ट तिकडेच उघडा, आणि बॅगेत जागा पण वाचेल. मला ते पटलं. पिशवीत दाबून बसवलेला कोट जाड आहे का पातळ हे वरून कळतच नाही आणि तो त्यांनी तसा भरलाच त्यासाठी होता हे मला घरी आल्यावर समजलं.

बिल मागितलं तर एक चिठ्ठी मिळाली, त्यावर नुसती रक्कम आणि 'नो रिटर्न नो एक्स्चेंज' असा शिक्का. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. पैसे क्यूआर कोडवर दिले, तिथे दुकानाच्या ऐवजी कोणा माणसाचं नाव आलं. मी ते बघितलं आणि तरी पिन टाकला, कारण मागे रांग होती.

रविवारी आई म्हणाली, तिकडे गेल्यावर उघडून उपयोग काय, आत्ताच बघून घेऊ. पिशवी फोडल्यावर कोट हळूहळू फुगला आणि आईने उचलताच म्हणाली, "हा एवढा हलका कसा?" किचनमधल्या काट्यावर पातेल्यात घालून वजन केलं तर किलोभर पण नाही. भावाने घातला तर खांदा बरोबर बसला पण छातीवर बटण लागेना, आत स्वेटर घातल्यावर तर हात पुढे करता येईना.

मग आईने जे केलं ते सगळ्यांनी करून बघा. ती पैठणी घेताना रेशीम ओळखायला एक धागा जाळून बघते, तसंच. खिशाच्या आतल्या शिवणीतून सुईने एक धागा काढला, चिमट्यात धरला, खाली स्टीलची ताटली ठेवली आणि निरांजनावर नेला. धागा आक्रसला, वितळला, काळा धूर आणि प्लॅस्टिकची पिशवी जळाल्यासारखा वास, आणि टोकाला एक टणक काळा मणी राहिला जो नखाने फुटेना. मग तिने माळ्यावरून जुनी घोंगडी काढायला लावली आणि तिचा धागा जाळला, तो नीट पेटेचना, ज्योतीतून बाहेर काढला की विझायचा, केस जळल्याचा वास आणि राख बोटात घेतली तर भुगा. बाजूबाजूला बघितल्यावर मला रडायलाच आलं. (लहान मुलं जवळ असताना हे करू नका, वितळलेला थेंब हातावर पडला तर चांगलंच भाजतं.)

एक मात्र लक्षात ठेवा, चांगल्या कोटात पण थोडं नायलॉन असू शकतं, 80 टक्के लोकर आणि 20 टक्के नायलॉन असं असेल तर ते खोटं नाही, टिकायला घालतात. माझ्या कोटावर 100 टक्के वूल लिहिलेलं होतं आणि लोकर औषधालासुद्धा नव्हती.

सोमवारी तो कोट नौपाड्यातल्या आमच्या टेलरकाकांकडे नेला. त्यांनी टेप लावली, बगलेपासून बगलेपर्यंत सपाट 20 इंच, म्हणजे पूर्ण घेर 40. काका म्हणाले, "अगं, कोटाचा 40 नंबर म्हणजे माणसाची छाती 40, कोटाची नव्हे. कोट त्याच्यापेक्षा तीन-चार इंच तरी मोठा पाहिजे." आणि मी जो शर्टाचा 40 धरून गेले होते तो तर छातीचा पण नाही, बऱ्याच फॉर्मल शर्टांवर असतो तो कॉलरचा सेंटिमीटरमधला आकडा. भावाची छाती मोजली तर 38. म्हणजे नेव्हीच्या मापात त्याला 38 आर नंबर लागतो, आर म्हणजे रेग्युलर उंची, एस शॉर्ट, एल लाँग. युरोपातल्या कोटावर तेच माप 48 म्हणून येतं, तिथे इंचांच्या आकड्यात 10 मिळवलेले असतात. नुसतं एक्सएल लिहिलं असेल तर त्यावर अजिबात जाऊ नका, प्रत्येकाचं एक्सएल वेगळं. आणि काकांनी अजून एक सांगितलं, छाती आणि लांबी थोडी इकडे तिकडे चालते, बाह्या कमी करता येतात, पण खांदा चुकला तर तो कोट कोणी दुरुस्त करून देणार नाही, म्हणून खांदा आधी मोजा, तोही आत स्वेटर घालून.

मग त्यांनी कॉलरखालचं लेबल उसवलं. खाली दुसरं लेबल, कापलेलं, पण 'पॉलिस्टर' शब्द अर्धा वाचता येत होता. बटणांवर नांगराचं चित्र होतं पण कडेला साच्याची रेघ राहिलेली, नखाने खरवडली तर धार लागत होती. खालची शिलाई जिथे उसवली तिथे कापडाची कड लगेच सुटायला लागली. खऱ्या पी कोटाचं लोकरीचं मेल्टन कापड विणून झाल्यावर ओलं करून इतकं दाबून कुटतात की तंतू एकमेकांत गुंततात, आणि नंतर वरचे केस उठवून सारखे कापतात, म्हणून वीण दिसत नाही, वारा आत शिरत नाही, आणि कापलेली कड पण पटकन सुटत नाही.

वरच्या लेबलवर अमेरिकन नेव्हीचा कॉन्ट्रॅक्ट नंबर छापला होता, डीएसए 100-82-सी आणि पुढे चार आकडे. भाऊ अशा गोष्टींत फार चिकट आहे, रात्रभर शोधत बसला. या नंबरात मधले दोन आकडे वर्षाचे असतात, म्हणजे 82 म्हणजे 1982. पण डीएसए हे तिथल्या सैन्यासाठी सामान खरेदी करणाऱ्या खात्याचं नाव, ते 1977 मध्येच बदलून डीएलए झालं. म्हणजे 1982 च्या कोटावर डीएसए असूच शकत नाही! छापणाऱ्याने कुठलं तरी जुनं लेबल बघून आकडे बदलले होते. वापरलेला नेव्ही सरप्लस म्हणून कोणी कोट दाखवला तर हे जरूर तपासा.

ब्रँडचं पण बोलते कारण तिथेही असंच चालतं. अमेरिकन नेव्हीला वर्षानुवर्षं कोट शिवून देणारी कंपनी स्टर्लिंगवेअर ऑफ बॉस्टन 2019 मध्ये बंद झाली, तेव्हा तिचा 'यंदाचा फ्रेश लॉट' म्हणून कोणी काही विकत असेल तर तिथून निघा. न्यूयॉर्कची शॉट आणि इंग्लंडची ग्लोव्हरऑल ही चालू असलेली जुनी नावं आहेत, पण नाव कितीही मोठं असलं तरी लेबल शिवायला दोन मिनिटं लागतात. मी आता आधी वजन, मग धागा, मग टेप बघते, आणि नाव सगळ्यात शेवटी.

पैशांचं काय झालं ते सांगते. मंगळवारी परत वाशीला गेले तर हॉलमध्ये लग्नाची मांडामांड चालू. मॅनेजर म्हणाले आम्ही फक्त भाड्याने देतो, त्या माणसाचे कागद आहेत पण पोलिसांचं पत्र आणा. बँकेने सांगितलं तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेत, परत येणार नाहीत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा नंबर मिळालाय. पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला, सोबत चिठ्ठी, पेमेंटचा स्क्रीनशॉट, दोन्ही लेबलांचे फोटो. पोचची सही-शिक्क्याची झेरॉक्स मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत. अजून एक रुपया परत आलेला नाही.

भाऊ जुनं जाडं जॅकेट घालून गेला. तिकडे पोचल्यावर एका सेकंडहँड कपड्यांच्या दुकानात त्याने 38 आर चा कोट घालून बघितला, आत स्वेटर, हात वर-खाली करून, आणि मगच घेतला. पण कडाक्याच्या थंडीत तो पार्काच (टोपीवालं, मांड्यांपर्यंत येणारं जाड जॅकेट) घालतो, कारण पी कोट मांड्या झाकत नाही. अमेरिकन नेव्हीनेसुद्धा 2020 पासून खलाशांना पार्का सक्तीचा केला आणि पी कोट ऐच्छिक ठेवला, हे मला आधी माहीत असतं तर कदाचित सुरुवातच पार्क्यापासून केली असती.

आता ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. अडचण एवढीच की समोरच्याचं नाव-पत्ता पाहिजे आणि माझ्याकडे फक्त क्यूआरवर आलेलं नाव आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी वाशीच्या सेलमधून तुमच्यापैकी कोणी सीलबंद पिशवीतला कोट घेतला असेल तर पिशवी, स्टिकर, चिठ्ठी काहीच फेकू नका आणि मला कळवा. चार-पाच जणांचे अर्ज एकत्र गेले तर चौकीतून ते पत्र निघेल असं तिथल्या हवालदारांनीच मला सांगितलंय, मी पुढच्या सोमवारी सकाळी परत जाणार आहे.